न बघितलेला लॅपटॉप

सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानदारानं मला फसवलं. मी मुलीसाठी छोटा लॅपटॉप घ्यायला गेले होते आणि त्यानं माझ्या हातात खिशात मावणारा टॅब दिला. बिल दिलं, वॉरंटीचं कार्ड दिलं, खोक्यावरचं प्लास्टिक माझ्यासमोर फाडलं. वस्तू अस्सल आहे, आजही चालते. तरी मी म्हणते की फसवलं. कसं ते सांगते, म्हणजे ही बाई उगाच भांडखोर आहे असं कुणाला वाटायला नको. भांडखोर मी आहेच, शुक्रवार पेठेत आमच्या बोळात कुणीही सांगेल. पण उगाच नाही.

माझा धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. सुरुवात एका तव्यावर झाली. मुलीचे वडील मालट्रकवर असतात, पंधरवड्यातून एकदा घरी येतात आणि आले की झोपतात, त्यामुळे धंद्यातलं जे काही आहे ते माझं मी केलंय. आता दोन बायका भाकरी थापायला येतात, चटणी अजून मीच कुटते. मार्केट यार्डातला अडत्या मला लांबून बघितलं की पोत्याचं तोंड आपणहून उघडून ठेवतो. वरचे शेंगदाणे मी बघतच नाही. हात कोपरापर्यंत आत घालते आणि तळातली मूठ बाहेर काढते. हे मला कुणी शिकवलं नाही. पण भाव करायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं.

आम्ही सांगोल्याकडचे. घरी शेळ्या-मेंढ्या. मुलगा नव्हता म्हणून असेल किंवा मी घरात बसत नव्हते म्हणून असेल, वडील मला जनावरांच्या बाजाराला बरोबर घेऊन जायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दोघं समोरासमोर बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरायचे. किती बोटं धरली ते त्या दोघांनाच माहीत. मी वडिलांच्या पाठीला टेकून बसायची. भाव आवडला नाही की त्यांच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा, तेवढं मला कळायचं.

पण बोटं धरायच्या आधीचं काम मोठं असायचं. बाजारात शिरताना वडील मला बजावायचे, "हवी ती शेळी बगायची न्हाय. येकदा बी न्हाय. बगितली की भाव चढतोय." मग आम्ही दुसऱ्याच शेळीपाशी जायचो. तिचे दात बघायचे, कास बघायची, नावं ठेवायची, मधेच कौतुक करायचं, भाव पाडून मागायचा. विकणारा नाही म्हणायचा. मग उठता उठता, आता आलोच आहे तर, अशा आवाजात वडील खऱ्या शेळीचा भाव विचारायचे. तोवर विकणारा कंटाळलेला असायचा आणि गिऱ्हाईक जाऊ नये एवढीच त्याची इच्छा असायची. अशा किती शेळ्या आमच्या घरी आल्या.

यात एक धोका असतो. खोट्या शेळीचा भाव पाडून मागितला आणि विकणारा "ने" म्हणाला, तर ती न्यावी लागते. बाजारात बोललेला भाव मोडला की त्या माणसाच्या हातात पुन्हा कुणी बोट देत नाही. माझ्या वडिलांचं एकदा तसं झालं. एका डोळ्यानं अधू असलेली शेळी गळ्यात पडली. आई घरी आदळआपट करत होती आणि वडील शेळीला पाणी दाखवत एवढंच म्हणाले, "तोंडातनं गेलं, घ्यावी लागली." ती शेळी मरेपर्यंत आमच्याकडं होती. तिच्यावरून वडिलांनी मला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. कौतुक करायचं ते जी अजिबात नको असेल तिचंच. जिच्यावर जरासुद्धा मन असेल त्या शेळीला भाव पाडण्यासाठी हात लावायचा नाही, कारण मग आपला आवाज आपल्या ताब्यात राहत नाही.

ही गोष्ट मी विसरले. तिच्याकडं पुढं येते.

माझ्या मुलीनं कपड्यावरच्या नक्षीचा कोर्स केलाय. पूर्वी टॉवेल-चादरीची नक्षी मोठ्या चौकटीच्या कागदावर रंगवत, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. चौकट चौकट भरायची, तिची फाईल मागाला द्यायची आणि माग तसा काठ विणतो. क्लासमधल्या मुलींत तिचा हात चांगला, असं तिच्या बाईंनी मला दोनदा बोलावून सांगितलं. कोर्स संपता संपता टॉवेलच्या एका कारखान्यातून विचारणा आली. घरबसल्या काम, महिन्याचं महिन्याला पैसे. आधी नमुन्याच्या काही नक्षी करून पाठवायच्या, त्या आवडल्या की काम पक्कं. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. कारखान्यातल्या डिझाईनवाल्या सरांनी महिनाअखेरीपर्यंत मुदत दिली.

तिनं स्वतःच चौकशी केली. क्लासच्या बाईंना विचारून कुठला लॅपटॉप चालेल, कुठला चालणार नाही ते पक्कं करून आली. छोटाच हवा म्हणाली. मी म्हटलं, घ्यायचाच तर मोठा घे, डोळे जातील. ती म्हणाली, "मोठा ठेवू कुठं आई? टेबल कुठाय आपल्याकडं?" खरंच होतं. आमच्या दोन खोल्यांतली एक भाकरीची आणि दुसरीत शेंगदाण्याची पोती. तिनं जागासुद्धा ठरवली होती. खिडकीजवळच्या पोत्यावर बसायचं, पाठ भिंतीला लावायची आणि लॅपटॉप मांडीवर. ती बसून दाखवत होती आणि मी तव्यावरची भाकरी उलटताना बघत होते. मांडीवर रिकामं ताट घेऊन तिनं बोटं हलवून दाखवली. आम्ही दोघी हसलो.

त्याच आठवड्यात आम्ही नवी पेठेत गेलो. दुकानाच्या अलीकडं मी तिला थांबवलं आणि माझ्या वडिलांनी मला सांगितलं तेच सांगितलं. लॅपटॉपकडं बघायचं नाही. मी टॅब मागेन, तू टॅबकडं बघ, हात लाव, आवडल्यासारखं कर.

ती म्हणाली, "आई, इथं तसं नसतंय. किंमत लिहिलेली असते की."

मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं लिहिली, आपण वाचली, आता बोलायचं आपण. तिनं डोळे फिरवले. पण हो म्हणाली. लहानपणापासून तिनं मला भाजीवाल्यापासून फ्रिजवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडताना बघितलंय. मी भाव करत असताना मधे बोलायचं नाही हे तिला शाळेच्या आधीपासून ठाऊक आहे.

दुकानात भिंतीला लागून लॅपटॉप मांडलेले, पुढं काचेच्या कपाटात फोन आणि टॅब. तिचा लॅपटॉप दुसऱ्या फळीवर होता, राखाडी रंगाचा. मी आत शिरताना एका नजरेत बघून घेतला आणि नंतर तिकडं मान वळवली नाही. दुकानदार माझ्याच वयाचा असेल, ताई ताई करत होता. मी टॅब मागितला. त्यानं सगळ्यात छोटा काढून दिला. म्हणाला, यात सिम बसतं, इंटरनेट, व्हिडिओ, पैशाची देवघेव, सगळं होतं आणि वर खिशात मावतो.

आणि मी तो माझ्या गाऊनवर घालते त्या ॲप्रनच्या खिशाच्या हिशोबानं हातात तोलून बघितला.

इथं मी चुकले असं कुणी म्हणेल. मी म्हणते, इथं त्यानं मला हेरलं. माझ्या फोनची काच तडकलेली होती. पुण्याची गिऱ्हाइकं चटणी कुटतानाचा व्हिडिओ मागायची आणि माझ्या फोनवर चटणी काळी दिसायची. त्या टॅबवर दुकानदारानं मिरच्यांचा एक फोटो उघडून दाखवला. लाल म्हणजे इतका लाल की मला खमंग वास आल्यासारखं झालं. मला तो टॅब आवडला. मी तो मुलीसाठी बघत नव्हते, लॅपटॉपचा भाव पाडायलाही बघत नव्हते. दोन-चार मिनिटं का होईना, मी तो माझ्यासाठी बघत होते. वडील असते तर त्यांनी माझ्या पाठीकडं बघून ओळखलं असतं.

मग भाव सुरू झाला. मी नावं ठेवली, त्यानं गुण सांगितले. मी उठले, त्यानं बसवलं. थोडा उतरला, मी हसले. आणखी उतरला. दुकानात चार माणसं जमली होती, ती आपलं काम सोडून आमच्याकडं बघत होती. असं झालं की माझा आवाज आपोआप चढतो. शेवटी मी एक आकडा बोलले. तो आकडा नाही म्हणण्यासाठीच होता. कुठलाही दुकानदार त्या भावात टॅब देणार नाही, तो हात जोडेल, मी उठेन आणि दारातून वळून म्हणेन, जाऊ द्या, तो राखाडी लॅपटॉप कितीला?

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मुलीकडं बघितलं. मग म्हणाला, "न्या."

त्या एका शब्दानं मला बसल्या जागी बांधून टाकलं. आता वाचणारा म्हणेल, बाई, हे दुकान आहे, शेळ्यांचा बाजार नाही. नको म्हणायचं आणि उठायचं, कोण विचारतंय? बरोबर आहे. रोज शेकडो लोक तसं उठतात. पण मी उठू शकले नाही. चार माणसांसमोर भाव मी बोलले होते आणि त्यानं तो कबूल केला होता. माझ्या आयुष्यात मी बोललेला भाव कधी मोडलेला नाही, त्याच्याच जोरावर मला यार्डात उधारीवर पोती मिळतात. मी मुलीकडं बघितलं. ती टॅबकडं बघत होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान जराशी वाकवून, अगदी मी सांगितलं होतं तशी. आणि मी मनाला सांगितलं, बघ, तिलाही आवडलाय.

मी पैसे दिले. लॅपटॉपसाठी बांधून ठेवलेल्यातले थोडे उरले. ते लॅपटॉपला पुरणार नव्हते आणि नवीन शेंगदाणा भरायचे दिवस जवळ आले होते.

बाहेर आल्यावर ती पायरीवर थांबली. म्हणाली, "आई, पण..."

मी म्हटलं, काय?

"काही नाही. छान आहे."

माझं डोकं तेव्हा गरम होतं, पण रागानं नाही. जिंकल्यावर होतं तसं. रिक्षात मी तिला सगळा भाव पुन्हा ऐकवला, तो कसा उतरला, मी कशी हसले, त्याचं तोंड कसं झालं. घरी भाकरी थापणाऱ्या बायकांना सांगितलं. शेजारणीला सांगितलं. रात्री तिच्या वडिलांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते फक्त म्हणाले, लॅपटॉप घेणार होता ना? मी म्हटलं, आजकाल सगळं यावरच होतं, तुम्ही गाडी चालवा. ती त्या वेळी माझ्या शेजारीच चटणीच्या पुड्यांना लेबलं लावत होती.

नंतरचे काही दिवस ती खिडकीजवळच्या पोत्यावर बसून टॅबवर बोटानं काहीतरी काढत असायची. मी जाता-येता बघायची. भुईमुगाचा वेल होता, मुळांना लटकलेल्या शेंगा, असा काठ. बोट जाडं पडायचं, रेघ चौकटीतून बाहेर जायची, ती पुसायची, पुन्हा काढायची. सुंदर दिसत होतं. मी म्हटलं, झालं की मग. ती पुन्हा रेघ पुसायला लागली. दुपारी क्लासमध्ये जाऊन बसायची, पण तिथले कॉम्प्युटर नव्या मुलींना लागायचे, तिला एखाद्या वेळी तासभर मिळायचा.

मग एक दिवस मी भाकऱ्या मोजत असताना ती म्हणाली, "सरांना शेंगांचा काठ आवडला."

मी म्हटलं, बघ, मी काय म्हणत होते?

"त्यांनी फाईल मागितली."

"मग दे की."

"यावर फाईल होत नाही, आई. यावर नुसतं चित्र होतं. माग चित्र वाचत नाही."

हे तिनं रडून सांगितलं असतं, नाहीतर माझ्यावर ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते मला समजावं म्हणून सांगितलं, लहान मुलाला समजावतात तसं. दुकानात जायच्या आधीपासून तिला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं म्हणा. आम्ही लॅपटॉप आणायलाच गेलो होतो, तो कशासाठी ते मला ठाऊक होतं. मधे टॅब आला आणि मी ते ठाऊक असलेलं बाजूला ठेवलं.

मला राग आला की तो आधी कुणावर काढायचा एवढंच मी शोधते. मी ॲप्रन काढला, टॅब खोक्यात घातला, तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, नको, राहू दे. मी ऐकलं नाही.

दुकानात ती आत आली नाही, दारातल्या पायरीवर उभी राहिली. मी खोकं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, लॅपटॉप घ्यायला आलेल्या बाईला टॅब विकताना तुम्हाला काही वाटलं नाही का? तो आधी गोंधळला. मग त्याला आठवलं. म्हणाला, ताई, टॅब तुम्हीच मागितला. भाव तुम्हीच केला. मी म्हटलं, मला लॅपटॉप हवा होता. यावर त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही.

तो म्हणाला, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई. मी टेंभुर्णीकडचा. आमच्याकडं बी बाजार भरतोय की. दुकानात येणारं कुठलं बी पोरगं पहिल्यांदा लॅपटॉपकडं बघतंय. तुमच्या मुलीनं एकदा बी बघितलं नाही. मान अशी धरून बसली होती बिचारी. तवाच म्हटलं, हिला लॅपटॉप पाहिजे."

"कळलं होतं, तर बोलला का नाही?"

"तुम्ही भाव करत होता. मी मधे कसा बोलू? आणि मला वाटलं, तुम्ही मोडाल. मोडायचं की."

मला एवढं झोंबलं की काय सांगू. हा माणूस मला भाव मोडायला सांगत होता. त्याच्या मनात असेल नसेल, मला वाटलं की तो माझ्या बापाचं नाव काढतोय. मग तो म्हणाला, आणलाच आहे तर ठेवा, टॅब मी परत घेतो, वापरलेला आहे म्हणून थोडी किंमत कमी धरतो, वर तुम्ही थोडे घाला, राहिलेले दोन महिन्यांत द्या आणि तो राखाडी लॅपटॉप आजच न्या.

आता शांतपणे लिहिताना मला हे दिसतं की तो चांगलं बोलत होता. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मी जिंकून घेतलेल्या टॅबची किंमत तो माझ्यासमोर कमी करतोय. मी म्हटलं, ज्या भावात दिला त्याच भावात घ्या, एक पैसा कमी चालणार नाही. तो म्हणाला, वापरलेला आहे, ताई, पडद्यावर रेघा आहेत. त्या माझ्या मुलीच्या बोटांच्या आणि नखांच्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या दुकानात चोरीच्या मालाला जास्त किंमत मिळत असेल. त्याचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, मुलगी दारात उभी आहे, जरा सांभाळून. त्यावर मी आणखी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. खोकं उचललं आणि बाहेर पडले.

चालत निघालो. मी बोलतच होते. चोर, गोडबोल्या, ग्राहक मंचात जाते की नाही बघ. ती माझ्या शेजारून चालत होती. सिग्नलपाशी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तो बदलून देत होता की, आई."

एवढंच. मी खोकं दुसऱ्या काखेत घेतलं. सिग्नल सुटला तसा रस्ता ओलांडला आणि घर गाठलं.

पुन्हा त्या दुकानात जायचं मी ठरवलं होतं. माफी मागायला नाही, सौदा पुरा करायला. आज जाते, उद्या जाते करत राहिले. नवीन शेंगदाणा आला, त्यात दिवस गेले. खरं म्हणजे दिवस गेले नाहीत, मी ते घालवले. त्या माणसासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. महिना संपला. कारखान्याचं काम तिच्याच क्लासमधल्या दुसऱ्या एका मुलीला मिळालं. ती मुलगी घरी येऊन पेढे देऊन गेली आणि माझ्या मुलीनं तिला डब्यात चटणी भरून दिली.

टॅब आता माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो. "मला फोन पुरतो, तूच वापर," म्हणून तिनंच तो मला दिला. त्याच्यावर चटणी लाल दिसते. व्हिडिओ बघून पुण्या-मुंबईची नवी गिऱ्हाइकं आली आहेत. त्यांच्या ऑर्डरी घ्यायला, पत्ते लिहायला, पुड्या भरायला घरात एक माणूस लागतं आणि ते माणूस म्हणजे ती. चांगलं काम करते, चूक होत नाही. नवी पुडी तिनंच ठरवली, तिच्यावर शेंगांचा तोच वेल छापलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुणी काढलं? मी सांगते, माझ्या मुलीनं. सांगताना माझा आवाज ताब्यात राहत नाही.

मधल्या काळात थोडे पैसे बाजूला पडले, तेव्हा मी तिला म्हटलं, चल, लॅपटॉप बघू. काम पुन्हा मिळेल, एकच कारखाना आहे का सोलापुरात? त्या दुकानात नाही, दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी मी अलीकडं थांबवून काही सांगितलं नाही. आत गेल्यावर मी भावाचा विषयसुद्धा काढला नाही. तिला म्हटलं, बघ, तुला हवा तो बघ.

ती काउंटरपाशी उभी राहिली आणि बाहेर रस्त्याकडं बघत राहिली. उभ्या स्कूटरवर बसलेल्या एका पोराकडं, उसाच्या रसाच्या गाडीकडं.

मी म्हटलं, "अगं, इकडं बघ की. बघितलं तर चालतंय."

ती म्हणाली, "कुठलाही घे, आई. मला काहीही चालेल."

दुकानातल्या माणसानं तीन लॅपटॉप काढून ठेवले. तिनं तिन्हींवरून सारखाच हात फिरवला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. शेळीचे दात बघून तिचं वय मी सांगते, पोत्यात हात घातला की शेंगदाणा गेल्या वर्षीचा की यंदाचा ते मला कळतं. माझ्या मुलीला त्यातला कुठला हवाय, की एकही नकोय, की पुन्हा माझ्यासाठी तिनं मान तशी धरलीय, यातलं मला काहीच कळलं नाही. आम्ही न घेताच परत आलो. येताना तिनं रस घेऊया म्हटलं. मी घेतला. तो तिला हवा होता की मला बरं वाटावं म्हणून, तेही मला कळलं नाही.

म्हणून मी म्हणते, त्या दुकानदारानं मला फसवलं. टॅबचं मी सोडून दिलं, किंमत वसूल झाली, वरून नफा झाला. तो वेगळ्या गोष्टीचा देणेकरी आहे. त्यानं एकदा शुक्रवार पेठेत माझ्या दारात यावं. मी त्याला ओरडणार नाही, पाणी देईन, बसायला पोतं देईन. त्यानं फक्त एवढं सांगावं. एका परक्या माणसाला काउंटरच्या पलीकडून, दोन मिनिटांत, नुसत्या तिच्या मानेवरून कळलं की हिला लॅपटॉप पाहिजे. मग तिच्या अगदी शेजारी बसलेल्या, लॅपटॉपच घ्यायला आलेल्या बाईला त्या वेळी ते का दिसलं नाही? दिसलं त्याला होतं. तर उत्तरही त्यानंच द्यायला पाहिजे.